अधिकातली मरळ

मासा चोरून मारला असता तर एवढं वाईट झालं नसतं. चोरीला निदान लाज असते. बद्रीनाथनं तो पंचांग उघडून, पारावर चार माणसं बसवून, मारुतीच्या साक्षीनं मारायला लावला. आणि नियम मोडला तो कुणाचा? त्याचा त्यानंच केलेला.

आमचं गाव धावड्याच्या पुढं, डोंगराला पाठ लावून बसलेलं. गावाच्या वर वनखात्याची जमीन आणि तिच्यात खात्यानंच बांधलेलं तळं. जमीन सरकारी म्हणजे कुणाचीच नाही, आणि कुणाची नाही म्हणजे ज्याचा हात लांब त्याची, असं आपल्याकडं चालतं. तसं आम्ही ते जंगल खाऊन बसलो होतो. सशाला वाघर लावायची, म्हणजे पायवाटेवर आडवं जाळं बांधून दुसऱ्या बाजूनं हाकारा करायचा. तितराला फासे. तळ्यात विहीर फोडायची तोटी पेटवून फेकायची; मासे पांढरी पोटं वर करून तरंगायचे, हाताला लागतील तेवढे घ्यायचे, बाकीचे सडायचे. शिकारीला कायद्यानं बंदी होती. पण कायदा राहायचा भोकरदनला आणि ससा इथं.

हे थांबवलं बद्रीनाथनं. तळ्याखाली त्याचं रान, घरी बायको सोनूबाई, एकुलती एक पोरगी शीतल. माणूस शिकलेला नाही, पण बोलला की लोक ऐकायचे, कारण तो स्वतःपासून सुरू करायचा. एका होळीला त्यानं घराघरातल्या वाघरी गोळा केल्या आणि पेटलेल्या होळीत टाकल्या. पहिली टाकली ती स्वतःच्या बापाची. वनखात्याचा गार्ड भारत तेव्हा नवीन होता. त्यानं वर बोलून गावाची वन समिती केली, बद्रीनाथला अध्यक्ष केलं. ठरलं असं की जंगलात शिकार बिलकुल बंद. तळ्यात जाळं नाही, तोटी नाही, विजेची तार नाही. ज्याला मासा पाहिजे त्यानं गळ टाकून बसावं. आणि दिव्याची अवस झाली, श्रावण लागला, की पोळ्यापर्यंत गळसुद्धा नाही. ते दिवस माशांच्या पिल्लांचे.

नियम श्रावणाला बांधला, ही बद्रीनाथची अक्कल. गार्डाला न भिणारा माणूस श्रावणाला भितो. तसंही त्या महिन्यात घराघरात खाणं बंदच असतं, मग तळं बंद ठेवायला कुणाचं काय जातंय? तळ्याच्या वाटेवर दोन पळसांना तो एक सुती दोर बांधायचा. बस, एवढंच. त्या दोराखालून म्हैस जायची, माणूस जायचा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दोर सुटायचा आणि सगळं गाव गळ घेऊन तळ्यावर. हातभर लांबीच्या मरळी निघायच्या. धावड्याची माणसं जळून म्हणायची, बद्रीनाथाचं तळं. तो म्हणायचा, माझं काय त्यात, दोर तेवढा माझा.

मग दोन श्रावणांचं साल आलं.

त्या साली शीतल पाडव्यालाच माहेरी आली होती. नवरा आदिनाथ जालन्याला बियाण्याच्या कंपनीत कामाला. आली तेव्हा तिच्या गालावर वळ होता, तो चार दिवसांत गेला. कशाचा होता, ते घरात सगळ्यांना कळलं आणि कुणीच विचारलं नाही. सोनूबाईनं हळद लावली. बद्रीनाथ रानात गेला. शेजारणींना सांगितलं, पोरीला उन्हाचा तरास झालाय, हवापालटाला आलीय. आपल्याकडं पोरींना फार हवापालट लागतो. आखाड आला तरी आदिनाथ न्यायला आला नव्हता, फोन नव्हता, आणि गावानं दबक्या आवाजात मोजायला सुरुवात केली होती.

अधिक महिना लागला तशी सोनूबाईला वाट दिसली. धोंड्याचा महिना. तीन सालांतून एकदा येतो, जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे आणि अनारसे खाऊ घालायचे, पाय धुवायचे. जावई रुसलेला असला तरी धोंड्याला नाही म्हणत नाही. त्याच्या घरच्यांना बद्रीनाथनं स्वतः जाऊन आवतन दिलं. मुलीला मारलं म्हणून ज्याच्या दाराशी जाऊन जाब विचारायचा, त्याच्या दाराशी हा नारळ घेऊन गेला.

आदिनाथ आला. गाडीवर, पाठीला एक लांब पिशवी. पिशवीत फिरकीची काठी होती, मासे धरायची, नवीकोरी. जेवताना शीतलनं वाढलं, त्यानं मान वर केली नाही. तूप झालं, धोंडे झाले, अनारशाच्या ताटात दिवा लावून ते त्याच्या हातात दिलं, तेव्हा कुठं तो मोकळा झाला आणि म्हणाला, "मामा, तुमच्या तळ्यात लई मोठ्या मरळी हायेत म्हणतात. उद्या जाऊ."

बद्रीनाथनं सांगितलं की श्रावण लागलाय, तळं बंद आहे. पोळ्याची कर होऊ द्या, मग या, मी स्वतः घेऊन जातो.

आदिनाथनं ताट खाली ठेवलं. रागावला नाही, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाला, "मंग राहू द्या. सकाळी जल्दी निघतो मी."

निघतो. निघतो आम्ही, असं नाही. सोनूबाईनं नवऱ्याकडं बघितलं. शीतलची पिशवी चार दिवसांपासून भरून कोपऱ्यात ठेवलेली होती, तिच्याकडंही तिनं एकदा बघितलं. एवढ्यानं झालं. बद्रीनाथ उठला आणि देवळीतलं पंचांग काढलं.

सकाळी तो पारावर आला तेव्हा पंचांग काखेत होतं. आमच्यातले चौघं-पाच जण होते, त्यात काकासाहेब, त्याचा भाऊबंद, ज्याच्या जिभेला गावात कुणी लगाम घातलेला नाही. बद्रीनाथनं बोटानं ओळ दाखवली. हा अधिक श्रावण. निज श्रावण पुढच्या महिन्यात. श्रावणी सोमवार निजातले, नागपंचमी निजातली, पोळा निजातला. उपास अधिकात धरत नाही, मग तळ्याची बंदी तरी अधिकात कशी धरायची? बंदी निज श्रावणापासून.

तो पहिल्यांदाच खाली बघून बोलत होता. काकासाहेबानं तंबाखू मळत विचारलं की गेल्या अधिकाला तर असलं काही निघालं नव्हतं, तेव्हा पंचांग वेगळं होतं का. तेव्हा अधिक आश्विन होता, श्रावणाशी त्याचा काय संबंध, असं बद्रीनाथ म्हणाला. ते खरंही होतं. खोटं बोलायची गरजच नव्हती त्याला. पंचांगात पाहिजे ते सापडतं. त्यानं गार्ड भारतला फोन लावला. भारत म्हणाला, खात्याचं म्हणणं जाळं-तोटी नको एवढंच, श्रावणाचा नियम तुमचा, तुम्हीच बघा. काकासाहेब हसला. "जावयानं अधिक महिना लई बारीक वाचून घेतलाय तुमच्याकडून," म्हणाला.

मरळीनं मात्र पंचांग वाचलेलं नव्हतं. पाऊस पडून तळ्यात नवं पाणी आलं, ऊन पडून ते कोमट झालं, की तिचे दिवस सुरू. त्याला ती अधिक म्हणत नाही की निज म्हणत नाही. एरवीच्या साली श्रावण त्या दिवसांवर बराबर बसायचा. त्या साली तो महिनाभर पुढं सरकला होता आणि पिल्लांचे दिवस उघडे पडले होते. हे बद्रीनाथला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. तळ्याचं त्याला माहीत नाही असं काही नव्हतं.

तिघं गेले. आदिनाथ पुढं, बद्रीनाथ मागं, शीतल भाकरीचं फडकं घेऊन शेवटी. धोंड्याच्या गडबडीत दोर बद्रीनाथनं अजून बांधलाच नव्हता, त्यामुळं सोडायचीही वेळ आली नाही. पलीकडच्या काठाला, बुडालेल्या बाभळीजवळ, पाण्यावर लाल रंगाचा एक घोळका हलत होता. परातीएवढा. कुणी कुंकवाचा हात धुतल्यासारखा. तो पुढं सरकायचा, थांबायचा, त्यातून बुडबुडे यायचे, पुन्हा सरकायचा.

ती मरळीची पिल्लं. शेकड्यानं असतात, काडीपेक्षा बारीक, लालभडक. आणि त्यांच्या खाली, गढूळात, नर-मादी दोघं असतात. बाकीचे मासे अंडी टाकून निघून जातात. मरळ जात नाही. पिल्लं काळी पडून आपापली पांगेपर्यंत ती जेवायचं सोडून त्यांच्याखाली फिरते. वरून बेडूक पडला, काडी पडली, बगळ्याची सावली पडली, तरी तोंड उघडून धावते. एरवी महिना महिना गळाला हुंगत नाही असली हुशार मासळी, त्या दिवसांत पोरसुद्धा धरू शकतं. भुकेनं नाही घेत ती गळ. रागानं घेते.

आदिनाथनं फोनवर व्हिडिओ बघितले होते. त्याला तेवढं कळत होतं. "मामा, ते लाल दिसून राह्यलं ना, तिथंच टाकायचं बरका."

त्यानं रबरी बेडकी अडकवली, काठी मागं घेतली. तेव्हा शीतल म्हणाली, "आबा, पिल्लं हायेत."

बद्रीनाथ दोन पावलं मागं सरला.

"आबा, त्याह्यला सांगा. पिल्लं हायेत."

तो म्हणाला, "गप बस."

त्यानं आयुष्यात तिला असं म्हटलं नव्हतं. ती गप बसली. बेडकी बरोबर लाल घोळक्याच्या मधोमध पडली आणि पाणी फुटलं.

पहिली मादी आली. आदिनाथनं तिला काठावर ओढली, ती उड्या मारत राहिली. त्यानं फोन बद्रीनाथच्या हातात दिला आणि फोटो काढायला लावला. बद्रीनाथनं काढला. घोळका विस्कटला होता, तो पुन्हा गोळा झाला, कारण खाली बाप होता. मग बापही आला. त्यानंतर लाल रंग पसरट होत गेला आणि पिल्लं खाणाऱ्या चिलापी माशाची पाठ त्यात दिसू लागली, एक, मग बऱ्याच. शीतल फडकं तिथंच ठेवून घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिची पिशवी आदिनाथच्या गाडीला बांधली. सोनूबाई दारात रडली, आनंदानं. जावई खूश होता, सासऱ्याच्या पाया तो कमरेत वाकून पडला. शीतलनं बापाकडं बघितलं नाही. लोक म्हणाले, पोरगी सासरी जाताना अशीच असते.

गाव गाव असतं. गाडी वळणाआड गेली नाही तोच काकासाहेब दारात. त्याचे दोन जावई, एक कुंभार पिंपळगावचा, एक टेंभुर्णीचा, दोघंही धोंड्याला यायचे होते. तो म्हणाला, "बद्रीनाथ, आमचे जावई काय सावत्र हायेत का?"

काय सांगणार होता बद्रीनाथ? त्याचंच पंचांग. त्या महिन्यात गावातल्या प्रत्येक घरात धोंडे झाले आणि प्रत्येक जावई तळ्यावर गेला. ज्याला जावई नव्हता त्यानं साडू बोलावला. लाल घोळका दिसला रे दिसला की तिथं गळ. पहिले आठ दिवस गळ, मग एकानं म्हटलं गळानं किती वेळ बसायचं, पाहुण्याला गाडी गाठायचीय, म्हणून एक जाळं आलं. बद्रीनाथ तिथं गेला, जाळं काढा म्हणाला. जाळंवाला म्हणाला की जावईबापूंचा फोटो आमच्या मोबाईलवर बी आलाय, मरळीच्या कल्ल्यात बोट घालून. बद्रीनाथ परत आला.

निज श्रावण लागला त्या सकाळी त्यानं दोर बांधला. नवा, पांढरा सुती. सगळ्यांनी तो पाळला, अगदी मनापासून पाळला. आपण असेच आहोत. सोमवार धरले, पोथ्या लावल्या, कांदा-लसूण सोडला, आणि रिकाम्या तळ्यावर पहारा दिला. करीच्या दिवशी दोर सुटला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला मिळून चिलापीची टोपलीभर कोवळी पोरं मिळाली आणि एकही मरळ नाही.

त्या साली पाऊसही दगा देऊन गेला. तळं होळीच्या आत चिखलावर आलं. मग गावाला सोयीचं झालं. जो तो म्हणायला लागला की दुष्काळानं मासा गेला. बद्रीनाथसमोर कुणी असं म्हणालं की तो उठून जायचा. मरळ चिखलात जगते, ओल असली की पुढच्या पावसापर्यंत दम धरते. दुष्काळानं तिला कधी मारलं नाही. तळ्यानं ह्याच्याआधी दोन मोठे दुष्काळ काढले होते.

तळं सुटलं तसं जंगलही सुटलं. कुणी सांगितलं नाही, ठराव नाही. शेजारच्या वाडीतून नवी वाघर विकत आली. एका सकाळी फाश्यात हरणाचं पाडस सापडलं, लावणाऱ्यालाही ते नको होतं, सशाला लावलेला होता. खात्याची गाडी आली. गावातला एक माणूस आत गेला, समिती मोडली, तळ्याभोवती तारेचं कुंपण पडलं. गार्ड भारतची बदली झाली. जाताना तो बद्रीनाथच्या घरी चहाला आला, त्याला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं बद्रीनाथ नंतर सोनूबाईला म्हणाला.

आणि शीतल? ती परत आली. गेल्या दिवाळीनंतर. ह्या वेळी वळ गालावर नव्हता, दंडावर होता, आणि ह्या वेळी तिनं बाही खाली ओढली नाही. भोकरदनला कपड्याच्या दुकानात कामाला लागली, सकाळच्या एसटीनं जाते, संध्याकाळी येते. हवापालट असं कुणी म्हणालं की तीच सांगते, मारतो म्हणून आले.

एकदा बद्रीनाथनं तिच्याजवळ मन मोकळं केलं. करायला नको होतं. तो म्हणाला की मी नियम मोडला, गावात तोंड काळं केलं, तळं घालवलं, ते तुझा संसार लागावा म्हणून. तुझ्यासाठीच केलं ना बाई.

शीतल भांडी घासत होती. हात थांबले नाहीत.

"माझ्यासाठी केलं असं कुणाला सांगू नका आबा. मी काय तळं उघडा म्हणले व्हते? त्यांना एक सवाल विचारायचा व्हता तुम्ही. हात का उचलला, एवढाच. त्याच्या जागी मरळ दिली."

बद्रीनाथ म्हणाला, विचारलं असतं तर तो तुला टाकून गेला असता.

"टाकलंच की," ती म्हणाली. "दोन सालं उशिरा. तेवढी दोन सालं मी मार खाल्ला."

तळ्याला कुंपण पडल्यापासून तो दर आखाडात तिथं जाऊन उभा राहायचा. तारेतून पाणी दिसतं. पुढचा पावसाळा बरा झाला, तळं भरलं, खात्यानं कुठलं तरी बीज सोडलं. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, जनावरं बघायला आल्तो. तो कुंकवाचा रंग शोधायचा. पाण्यावर चिलापी उड्या मारायची, बाकी काही हलायचं नाही.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला. अधिक ज्येष्ठ. सोनूबाईनं कुणाला न विचारता अनारशाचे तांदूळ भिजत घातले. तिला अजून वाटतं की एखादं ताट नीट लागलं की सगळं नीट होईल. त्या बिचारीला तेवढंच शिकवलं, आणि शिकवणारे आम्हीच. बहुतेक तिनंच आदिनाथच्या आईला फोन केला असावा, कारण दोन दिवसांनी आदिनाथचा फोन आला, बद्रीनाथच्या मोबाईलवर. बद्रीनाथला कानाला धरून ऐकू येत नाही, तो आवाज मोठा ठेवतो. ओसरीवर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. शीतल दारात केस विंचरत होती.

आदिनाथ अगदी मोकळा बोलला. तब्येत, पाऊसपाणी, कंपनीतली कटकट. मग म्हणाला, "मामा, यंदा तर श्रावण बी न्हाई. तळ्याची काही अडचण नसंल ना?"

बद्रीनाथ म्हणाला, "तळ्यात काही न्हाई."

"असंल की एखादी."

"न्हाई. तुला एक विचारायचंय, आदिनाथ." जावईबापू नाही, तुम्ही नाही. कंगवा थांबला. "शीतलवर हात का उचलला तू?"

फोनवर आदिनाथ हसल्यासारखा झाला. त्याला खरंच नवल वाटलं होतं, राग नव्हता त्यात.

"हे आता काढून राह्यले का मामा? तवा तर मरळ खाऊ घातली."

बद्रीनाथनं फोन बंद केला आणि तो उलटा करून ओसरीवर ठेवला.

सोनूबाई आतून विचारत आली की जावई कधी येऊन राह्यलेत. उलटा ठेवलेला फोन दिसला तेव्हा तिला कळलं. ती म्हणाली, मग ह्या तांदळाचं काय करू, तीन दिवस भिजलेत, आंबून जातील.

"कर की अनारसे," शीतल म्हणाली. "मी खाईन."

बद्रीनाथ उठला, चप्पल घातली आणि तळ्याच्या वाटेला लागला. वाटेत ते दोन पळस आहेत. एकाच्या बुंध्याला जुन्या दोराची गाठ अजून आहे, साल वाढून तिच्या भोवती बसली आहे. कापायला गेलं तर झाड कापावं लागेल. तो तिथं थांबला, गाठीवर बोट फिरवलं, आणि पुढं कुंपणापर्यंत न जाताच परत फिरला. घरी आला तेव्हा मायलेकी तांदूळ कांडत होत्या. तो त्यांच्या शेजारी खाली बसला. शीतलनं मुसळ थांबवलं नाही, पण थोडी सरकून त्याला जागा दिली.